डॅशिएल हॅमेट आणि खाणनगरीची रहस्यकादंबरी

अमेरिकन रहस्यकादंबरीच्या इतिहासात डॅशिएल हॅमेट (१८९४–१९६१) ह्याचे स्थान दोन कारणांनी वेगळे आहे. गुप्तहेराला कथानायक करणाऱ्या बहुतेक लेखकांना तो व्यवसाय केवळ ऐकून किंवा वाचून ठाऊक होता. हॅमेटने तो स्वतः अनेक वर्षे पोटासाठी केला होता. दुसरे कारण त्याच्या पहिल्या कादंबरीत सापडते. 'रेड हार्वेस्ट' (१९२९) ह्या कादंबरीत त्याने गुन्ह्याचे मूळ एखाद्या विकृत मनात किंवा वारसाहक्काच्या कागदपत्रांत शोधले नाही. ते त्याने एका खाणनगरीच्या मालकीत शोधले. ही दोन्ही कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. तरुणपणी इतरांच्या हालचाली टिपून त्यांची नावे मालकांना कळविणे हा ह्या माणसाचा धंदा होता. सत्तावन्नाव्या वर्षी काही नावे सांगण्यास नकार दिल्याबद्दल त्याच माणसाने तुरुंगवास पत्करला. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे तो कसा गेला, हा त्याच्या चरित्रातील खरा प्रश्न होय, आणि त्याच्या उत्तराचा शोध 'रेड हार्वेस्ट'ला बाजूस ठेवून घेता येत नाही.

सॅम्युएल डॅशिएल हॅमेटचा जन्म २७ मे १८९४ रोजी मेरिलंड राज्यातील सेंट मेरीज परगण्यात, आजोबांच्या शेतावर झाला. डॅशिएल हे त्याच्या आईचे माहेरचे आडनाव. ते घराणे मूळचे फ्रेंच. आईने परिचारिकेचे शिक्षण घेतलेले होते, परंतु तिची प्रकृती तोळामासा होती. वडिलांनी अनेक उद्योग करून पाहिले आणि त्यांपैकी कोणत्याही उद्योगाने कुटुंबाला स्थैर्य दिले नाही. शेत सोडून हे कुटुंब फिलाडेल्फियाला आणि तेथून बाल्टिमोरला आले. घरची ओढाताण वाढली तेव्हा चौदाव्या वर्षीच सॅम्युएलची शाळा सुटली. नंतरची सहा-सात वर्षे रेल्वे कचेरीतील निरोप्या आणि कारकून, गोदीवरचा मजूर अशी मिळेल ती कामे करण्यात गेली. ह्या काळात तो वाचीत मात्र असे, आणि सार्वजनिक ग्रंथालय हेच त्याचे विद्यापीठ ठरले. १९१५ साली त्याने पिंकर्टन संस्थेच्या बाल्टिमोर शाखेत नोकरी धरली.

पिंकर्टन संस्थेचे स्वरूप ध्यानी घेतल्यावाचून हॅमेटच्या लेखनाचा उगम कळणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ॲलन पिंकर्टन ह्या स्कॉटिश स्थलांतरिताने शिकागोत स्थापिलेली ही खाजगी गुप्तहेर संस्था. उघडा डोळा हे तिचे चिन्ह. ज्या विस्तीर्ण प्रदेशात शासनाचे पोलीसदल तोकडे होते, तेथे आगगाड्या लुटणाऱ्यांचा आणि बँका फोडणाऱ्यांचा माग काढणे हे तिचे प्रसिद्ध काम होते. तिच्या उत्पन्नाचा फार मोठा भाग मात्र उद्योगपतींकडून येई. कामगारांच्या संघटनांत आपली माणसे कामगार म्हणून घुसविणे, सभांचे वृत्तान्त मालकांना पोचविणे आणि संपाच्या वेळी सशस्त्र पहारेकरी पुरविणे ही कामे ती करीत असे. १८७०नंतरच्या दशकात पेनसिल्व्हेनियातील कोळसा खाणींत जेम्स मॅकपार्लंड ह्या तिच्या हेराने आयरिश खाणकामगारांच्या गुप्त मंडळात शिरून जी साक्ष दिली, तिच्या आधारे अनेकांना फाशी झाली. ही हकीकत सर आर्थर कॉनन डॉईलच्या 'द व्हॅली ऑफ फिअर' ह्या कादंबरीचा आधार झाली. १८९२ साली होमस्टेड येथील पोलाद कारखान्याच्या संपात संस्थेचे सुमारे ३०० लोक नदीतून तराफ्यांवरून उतरले आणि दोन्ही बाजूंनी माणसे मेली. कामगारांच्या भाषेत पिंकर्टन हे नाव शिवीसारखे वापरले जाऊ लागले, ते ह्या घटनांमुळे.

नोकरीत हॅमेट पाळत ठेवण्यात तरबेज झाला. सहा फुटांहून उंच आणि अंगाने सडपातळ असा हा तरुण गर्दीत सहज नजरेत भरावा असा होता. तरीही माणसाच्या मागे तासन्‌तास राहण्याची कला त्याने साधली. दिवसाअखेर प्रत्येक हेराला कचेरीत अहवाल द्यावा लागे. कोण कोठे गेला, किती वाजता, कोणाशी बोलला, एवढेच त्यात लिहावयाचे. तर्क आणि भावना ह्यांना तेथे जागा नव्हती. हॅमेटच्या पुढील गद्यातील कोरडेपणा आणि विशेषणांविषयीची नावड ह्यांचे मूळ समीक्षकांनी ह्या अहवालांत पाहिले आहे, ते रास्तच म्हटले पाहिजे. ह्या लेखनाने त्याला आणखी एक गोष्ट शिकविली असावी. अहवाल ज्याच्या हाती पडतो त्याचे हेतू हेराला ठाऊक नसतात, आणि ते विचारणे त्याच्या कामाचा भाग नसतो.

हे हेतू उघडे पडावेत असे एक ठिकाण अमेरिकेच्या पश्चिमेस होते. मोंटाना राज्यातील ब्यूट हे नगर प्रथम सोन्याच्या, मग चांदीच्या आणि शेवटी तांब्याच्या शोधातून डोंगरमाथ्यावर उभे राहिले. विजेचा प्रसार होऊ लागला तसे तारांसाठी तांबे हवे झाले, आणि ब्यूटचा डोंगर पृथ्वीवरील सर्वांत श्रीमंत डोंगर म्हणून ओळखला जाऊ लागला. मार्कस डेली आणि विल्यम क्लार्क ह्या दोन खाणसम्राटांनी त्याच्या स्वामित्वासाठी न्यायालये, वृत्तपत्रे आणि विधिमंडळ ह्यांचा उपयोग शस्त्रांसारखा केला. पुढे ॲनाकोंडा कंपनीचे वर्चस्व इतके पूर्ण झाले की राज्यातील बहुतेक मोठी दैनिके तिच्या मालकीची होती, आणि ती स्थिती १९५९ सालापर्यंत टिकली. दुसऱ्या बाजूस, पश्चिमेतील खाणकामगारांचा महासंघ १८९३ साली ह्याच नगरात स्थापन झाला होता. १९१४ साली कामगारांतील दुहीतून युनियनचे सभागृह सुरुंगाने उडविले गेले आणि नगरात लष्करी कायदा पुकारला गेला. आयरिश, कॉर्निश, फिनिश आणि स्लाव्ह कामगारांनी गजबजलेले, बाराही महिने धातूच्या धुराने काळवंडलेले असे हे नगर होते.

८ जून १९१७ रोजी ब्यूटच्या ग्रॅनाइट माउंटन आणि स्पेक्युलेटर खाणींत आग लागली आणि १६८ कामगार मृत्युमुखी पडले. अमेरिकेतील धातूंच्या खाणींतील ही सर्वांत मोठी दुर्घटना होय. तिच्या पाठोपाठ संप सुरू झाला. देश नुकताच महायुद्धात उतरला होता. त्यामुळे तांब्याच्या खाणीतला संप राष्ट्रद्रोहासारखा लेखला जात होता. 'इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड' ह्या जहाल कामगार संघटनेचा फ्रँक लिटल हा प्रचारक जुलैमध्ये, पाय मोडलेल्या अवस्थेत, कुबड्यांवर ब्यूटला आला आणि त्याने युद्धाविरुद्धही भाषणे केली. १ ऑगस्टच्या पहाटे मुखवटे घातलेल्या माणसांनी त्याला बिऱ्हाडातून ओढून नेले, मोटारीमागे फरफटविले आणि आगगाडीच्या पुलाला फाशी दिली. प्रेताला एक चिठ्ठी अडकविलेली होती, आणि तिच्यावर सरहद्दीवरच्या जुन्या स्वयंघोषित न्यायमंडळांचे सांकेतिक आकडे होते. ह्या खुनाबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही.

ह्या घटनेशी हॅमेटचा संबंध त्याची दीर्घकालीन सहचारिणी, नाटककार लिलियन हेलमन, हिने 'स्काउंड्रल टाइम' (१९७६) ह्या आठवणींच्या पुस्तकात जोडला. खाण कंपनीच्या एका अधिकाऱ्याने लिटलला ठार करण्यासाठी आपणांस ५,००० डॉलर देऊ केले होते, असे हॅमेटने सांगितल्याचे ती लिहिते. हेलमनच्या आठवणींच्या विश्वसनीयतेविषयी पुढे मोठे वाद झाले, आणि हॅमेटच्या काही चरित्रकारांनीही ह्या गोष्टीविषयी शंका घेतली आहे. दुसऱ्या कोणत्याही कागदपत्राचा तिला आधार नाही. तरीही तिचे महत्त्व संपत नाही. ती अक्षरशः खरी असो वा नसो, आपल्या पूर्वायुष्याचा अर्थ सांगताना हॅमेटला हीच गोष्ट सांगावीशी वाटली, असे हेलमनच्या साक्षीवरून दिसते. लाच नाकारली हे त्या गोष्टीचे सार नाही. समोरच्या माणसाला आपण विकत मिळू असे सहज वाटले, ह्या जाणिवेत तिचे सार आहे.

१९१८ च्या जूनमध्ये हॅमेट सैन्याच्या रुग्णवाहिका दलात भरती झाला. मेरिलंडमधील छावणीबाहेर त्याला कधी जावे लागले नाही. मात्र त्या वर्षीच्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत तो सापडला आणि मागोमाग क्षयाने त्याला गाठले. १९१९ साली तो सार्जंट होऊन बाहेर पडला तो कायमचा रुग्ण होऊनच. प्रकृती साथ देई तेव्हा त्याने पिंकर्टनच्या वायव्येकडील स्पोकेन शाखेसाठी काम केले. मोंटानातील खाणी ह्याच शाखेच्या टापूत येत. १९२० च्या एप्रिलमध्ये ब्यूटच्या खाणींकडे जाणाऱ्या रस्त्यावर संपकऱ्यांवर गोळीबार झाला होता. त्या वर्षाच्या अखेरीस टॅकोमा येथील रुग्णालयात क्षयावर उपचार घेत असताना जोसेफाइन डोलन ह्या परिचारिकेशी त्याची ओळख झाली. ती मोंटानातलीच. ब्यूटचे अशुद्ध तांबे जेथे गाळले जाई त्या ॲनाकोंडा गावी तिचे बालपण गेले होते. १९२१ च्या जुलैमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दोघांचा विवाह झाला. खाणींचा मुलूख हॅमेटला असा दोन वाटांनी परिचित झाला. एकीकडून मालकांचा नोकर म्हणून आणि दुसरीकडून पत्नीच्या आठवणींतून.

प्रकृतीमुळे १९२२ च्या सुमारास हेरगिरी सुटली. अपंग सैनिकाचे अल्प निवृत्तिवेतन, पत्नी आणि लहान मुलगी अशा स्थितीत हॅमेट लेखनाकडे वळला. पहिली छोटी रचना १९२२ साली 'स्मार्ट सेट'मध्ये आली. त्याचे खरे घर मात्र 'ब्लॅक मास्क' हे मासिक ठरले. एच. एल. मेंकेन आणि जॉर्ज जीन नेथन ह्यांनी १९२० साली पैशांसाठी काढलेल्या ह्या मासिकाचा कागद हलका, मुखपृष्ठ भडक आणि मोबदला शब्दांवर मोजलेला असे. १९२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्यात हॅमेटचा नवा नायक अवतरला. कॉन्टिनेन्टल नावाच्या काल्पनिक संस्थेचा हा नोकर; मध्यमवयीन, बुटका, जाडसर. त्याला नाव नाही. शेरलॉक होम्सला जे जे होते त्यातले ह्याच्याकडे जवळजवळ काहीच नाही. व्हायोलिन नाही, बुद्धीचा अहंकार नाही, आणि आश्चर्यचकित होणारा मित्रही नाही. त्याच्यापाशी आहे ती कामाची चिकाटी आणि मालकाला पाठवावयाचा अहवाल.

१९२६ साली हॅमेटने एका जवाहिऱ्याच्या दुकानात जाहिरातींचे काम पत्करले आणि काही महिन्यांतच तो तेथे रक्त ओकून कोसळला. संसर्गाच्या भयाने पत्नीला आणि दोन मुलींना त्याच्यापासून दूर राहावे लागे. तो संसार पुढे पूर्णपणे सावरला नाहीच. त्याच वर्षी जोसेफ शॉ हा 'ब्लॅक मास्क'चा संपादक झाला आणि त्याने हॅमेटला मोठ्या रचनेसाठी प्रोत्साहन दिले. नोव्हेंबर १९२७ पासून फेब्रुवारी १९२८ पर्यंत चार दीर्घकथा क्रमाने प्रसिद्ध झाल्या. चौथीच्या शीर्षकातच एकोणिसाव्या खुनाचा उल्लेख होता. ह्या चार भागांची कादंबरी करून हॅमेटने ती क्नॉफ ह्या प्रतिष्ठित प्रकाशनसंस्थेकडे पाठविली. हिंसा कमी करावी आणि नाव बदलावे अशी सूचना तेथून आली. काही खून कमी झाले, आणि फेब्रुवारी १९२९ मध्ये 'रेड हार्वेस्ट' प्रसिद्ध झाली.

कादंबरीची नगरी पर्सनव्हिल. तिच्या नावाचा उच्चार लोक असा करतात की त्यातून विषाची नगरी असा अर्थ निघावा. लोकवस्ती ४०,०००, दोन डोंगरांच्या बेचक्यात वसलेली, खाणींनी आणि भट्ट्यांच्या धुराने विटाळलेली. खाणी, बँक आणि वृत्तपत्रे ही सारी म्हाताऱ्या एलिह्यू विल्सन ह्याची मालमत्ता. काही वर्षांपूर्वी कामगारांचा मोठा संप झाला असता त्याने तो मोडण्यासाठी बाहेरून गुंड आणले. संप मोडला, गुंड मात्र गेले नाहीत. त्यांनी नगर आपसांत वाटून घेतले, आणि त्यांना घालवून देण्याइतके बळ म्हाताऱ्यात उरले नाही, कारण संपाच्या वेळी आपण त्यांच्याकडून काय करून घेतले हे त्यांना ठाऊक होते. म्हाताऱ्याचा सुधारणावादी मुलगा वृत्तपत्र चालवीत असतो. त्याने कॉन्टिनेन्टलच्या हेराला बोलावून घेतलेले असते; हेर भेटीला पोचण्याआधीच त्याचा खून होतो.

रूढ रहस्यकथेत हा खून अखेरपर्यंत पुरला असता. हॅमेटने तो कादंबरीच्या पहिल्या चतुर्थांशाच्या आसपासच उलगडून टाकला आहे. खुनी निघतो तो बँकेतील एक तरुण कर्मचारी, आणि कारण निघते ते एका स्त्रीविषयीचा मत्सर. नगरीतील एवढ्या बड्या गुन्हेगारांपैकी कोणाचाही ह्या खुनाशी संबंध नसतो. येथे रहस्यकथेचा परिचित प्रश्न सुटतो आणि तो किती अपुरा होता हे लक्षात येते. खुनी कोण ह्याचे उत्तर मिळाले तरी नगरी होती तशीच राहते. मग हेर दुसरेच काम हाती घेतो. पोलीसप्रमुख, जुगारी, दारूचा चोरटा व्यापारी, चोरीच्या मालाचा दलाल ह्यांच्यातील संशय तो पेटवितो आणि त्यांना एकमेकांकडून मारवितो. खोटे बोलणे, अर्धवट सत्य सांगणे आणि एकाची बातमी दुसऱ्याला पुरविणे एवढीच त्याची शस्त्रे. संपाच्या काळात कामगारांविरुद्ध वापरली गेली तीच ही शस्त्रे होत.

कादंबरीचा गाभा मात्र नगरीच्या शुद्धीकरणात नाही. रक्तपात वाढत जातो तसे हेराच्या ध्यानात येते की ह्यात आपल्याला गोडी वाटू लागली आहे, आणि ह्या गोडीचे त्याला भय वाटते. डायना ब्रँड ही नगरीतील सर्व सूत्रांशी परिचित असलेली, पैशांची लोभी परंतु मोकळ्या मनाची स्त्री. एका रात्री अफू मिसळलेली दारू पिऊन तो तिच्या घरी झोपी जातो. सकाळी तो जागा होतो तेव्हा ती मेलेली असते, आणि बर्फ फोडण्याचा टोचा तिच्या छातीत रुतलेला असून त्याची मूठ हेराच्या हातात असते. खून आपण केला नाही ह्याची खात्री त्याला बराच काळ देता येत नाही. दुसऱ्यांचे अपराध शोधण्याचा परवाना ज्याला आहे त्याला स्वतःच्या निरपराधित्वाची ग्वाही देता येऊ नये, ही कल्पना त्या काळच्या रहस्यकथेला सर्वस्वी नवी होती. शेवटी खरा मारेकरी सापडतो, गुंडांच्या टोळ्या संपतात, लष्करी शिस्त येते, आणि नगरी पुन्हा एलिह्यू विल्सनच्या हाती सोपविली जाते. ज्याने विष आणले त्यालाच निर्विष झालेली नगरी परत मिळते. हेर आपल्या अहवालात घडलेले लपविण्याचा खटाटोप करतो, आणि तोही फुकट जातो.

ब्यूटची हुबेहूब प्रतिकृती म्हणून पर्सनव्हिलकडे पाहणे योग्य होणार नाही. ब्यूटमध्ये कामगारांची चळवळ इतकी जिवंत होती की तिचा इतिहास मालकांच्या इतिहासाइतकाच मोठा आहे. कादंबरीत कामगार जवळजवळ नाहीतच. संपाची हकीकत एका कामगार पुढाऱ्याच्या तोंडून आरंभी येते आणि तो पुढारी लौकरच दृष्टीआड होतो. समीक्षकांनी हा दोष मानला आहे. परंतु हेराच्या जागेवरून पाहिले असता त्याचे कारण कळते. संपकऱ्यांचा पराभव होऊन गेल्यानंतर हा माणूस नगरात आलेला आहे, आणि पराभव घडवून आणणाऱ्यांच्या जातकुळीचाच तो आहे. त्याला जे दिसू शकते तेवढेच हॅमेटने दाखविले. ऐतिहासिक साधनांची जंत्री न देता नुकत्याच होऊन गेलेल्या इतिहासाचा परिणाम दाखविणारी ही कादंबरी आहे.

भारतीय भाषांतील रहस्यकथेच्या अभ्यासकाला येथे एक तुलना सुचेल. बंगालीत प्रियनाथ मुखोपाध्याय ह्या पोलीस अधिकाऱ्याने १८९२ पासून 'दारोगार दफ्तर' ही मालिका स्वतःच्या चौकशांच्या आधारे लिहिली. हिंदीत गोपालराम गहमरी ह्यांनी १९०० साली 'जासूस' हे मासिक काढले. शरदिंदु बंद्योपाध्याय ह्यांचा ब्योमकेश १९३२ साली अवतरला आणि त्याने स्वतःला सत्यान्वेषी म्हणविले. मराठीत बाबुराव अर्नाळकर ह्यांनी रहस्यकथा घरोघर पोचविली. प्रियनाथांपाशी हॅमेटप्रमाणेच व्यवसायाचा अनुभव होता. परंतु त्यांचा दारोगा राज्यसत्तेचा सेवक, तर ब्योमकेश कोणाचाच सेवक नव्हे. उद्योगपतीकडून पगार घेणारा आणि त्या पगाराचे ओझे वाहणारा हेर हॅमेटच्या समाजाने निर्माण केला. सत्य शोधणाऱ्याला पैसे कोण देतो, हा प्रश्न त्याने ह्या वाङ्मयप्रकाराच्या मध्यभागी आणून ठेवला.

'रेड हार्वेस्ट'नंतर यश झपाट्याने आले. 'द डेन कर्स' त्याच वर्षी, 'द माल्टीज फाल्कन' १९३० साली आणि 'द ग्लास की' १९३१ साली निघाली. हॉलिवुडने त्याला बोलावले, आणि १९३० च्या अखेरीस तेथेच लिलियन हेलमनशी त्याची भेट झाली. तिच्या 'द चिल्ड्रन्स अवर' (१९३४) ह्या पहिल्या यशस्वी नाटकाचा विषय, एका जुन्या स्कॉटिश खटल्याची हकीकत, त्यानेच तिला सुचविला आणि खर्ड्यांवर कठोर टीका करून तिच्याकडून ते पुन्हा पुन्हा लिहून घेतले. त्याची स्वतःची पाचवी कादंबरी 'द थिन मॅन' १९३४ साली प्रसिद्ध झाली. त्यानंतर तो सत्तावीस वर्षे जगला, आणि सहावी कादंबरी त्याच्या हातून पुरी झाली नाही. मद्यपान, चित्रपटांतून सहज येणारा आणि तितक्याच सहज जाणारा पैसा, बिघडलेली फुप्फुसे ही कारणे सांगितली जातात आणि ती खरीही आहेत. त्याखेरीज, रहस्यकादंबरीच्या चौकटीबाहेर पडून काही वेगळे लिहावे अशी त्याची इच्छा होती आणि तिला अनुरूप रूप त्याला सापडले नाही, हेही तितकेच खरे.

ह्याच काळात हॅमेट डाव्या राजकारणाकडे वळला आणि कम्युनिस्ट पक्षाशी त्याचा निकटचा संबंध आला. हा संबंध त्याने डोळस टीकेविना निभावला, असा आक्षेप त्याच्यावर घेतला जातो आणि तो निराधार नाही. स्टालिनच्या राजवटीतील खटल्यांविषयी त्याने जाहीर शंका घेतली नाही. परंतु ही निष्ठा सुखवस्तू माणसाची चैन नव्हती. १९४२ साली अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, क्षयाचे व्रण फुप्फुसात असताना, तो साधा सैनिक म्हणून पुन्हा भरती झाला. अलास्कालगतच्या अल्यूशन बेटांपैकी एडॅक बेटावर त्याने सैनिकांसाठी दैनिक काढले आणि त्याच्या संपादकवर्गात श्वेत आणि कृष्णवर्णीय सैनिकांना एकत्र आणले; अमेरिकन सैन्यात तेव्हा वर्णभेद अधिकृत होता. युद्धानंतर न्यूयॉर्कमधील जेफर्सन स्कूल ह्या डाव्या विचारांच्या संस्थेत त्याने सुमारे दहा वर्षे रहस्यलेखनाचे वर्ग घेतले.

१९४६ नंतर तो सिव्हिल राइट्स काँग्रेस ह्या संघटनेच्या कामात पडला आणि तिच्या जामीननिधीच्या विश्वस्तांचा प्रमुख झाला. १९४९ साली दोषी ठरलेल्या अकरा कम्युनिस्ट पुढाऱ्यांचा जामीन ह्या निधीतून दिला होता. १९५१ च्या जुलैमध्ये त्यांपैकी चौघे शिक्षा भोगण्यास हजर झाले नाहीत. फरारी झालेले कोठे आहेत हे निधीच्या देणगीदारांकडून कळेल, ह्या समजुतीने न्यायालयाने विश्वस्तांकडे देणगीदारांची नावे मागितली. हॅमेटने ती दिली नाहीत. कागदांवरील सही आपली आहे की नाही हेही त्याने सांगितले नाही. हेलमनच्या सांगण्याप्रमाणे ती नावे त्याला ठाऊकच नव्हती. तेवढे सांगून सुटणे शक्य होते, परंतु तेही त्याने मान्य केले नाही. न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली. सुमारे पाच महिने तो तुरुंगात होता, त्यांपैकी बराच काळ केंटकी राज्यातील ॲशलंड येथे, आणि शौचकूप साफ करण्याचे काम त्याला तेथे मिळाले.

तीस वर्षांपूर्वी नावे पुरविणे हे ज्याचे काम होते, त्याने ह्या वेळी नावे न पुरविण्याची किंमत मोजली. ही संगती त्याने स्वतः कोठे उलगडून सांगितली नाही. ती पाहणाऱ्याला मात्र 'रेड हार्वेस्ट'मधील हेराचे भय आठवल्याशिवाय राहत नाही. दुसऱ्याच्या हातातील साधन होऊन राहण्याचे ते भय आहे, आणि कादंबरीतला हेर त्यातून सुटत नाही. त्याच्या निर्मात्याने उतारवयात सुटण्याचा एक मार्ग काढला.

तुरुंगातून सुटल्यावर उत्पन्नाचे मार्ग बंद झाले. त्याच्या नायकांवर आधारलेले नभोवाणीचे कार्यक्रम थांबले, पुस्तके मिळेनाशी झाली, आणि थकलेल्या प्राप्तिकरापोटी शासनाने त्याच्या मिळकतीवर टाच आणली. ही थकबाकी एक लाख डॉलरांहून अधिक ठरली. १९५३ च्या मार्चमध्ये सिनेटर मॅकार्थी ह्याच्या समितीपुढे त्याला बोलावण्यात आले. परदेशांतील शासकीय ग्रंथालयांत त्याची पुस्तके का ठेवावीत, हा प्रश्न होता. साम्यवादाशी लढावयाचे असेल तर लोकांच्या हाती कोणतेच पुस्तक पडू न देणे बरे, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. काही ग्रंथालयांतून काढलेली पुस्तके, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर ह्यांनी नापसंती दर्शविल्यावर, परत आली. 'ट्यूलिप' ही आत्मचरित्राच्या वळणाची कादंबरी त्याने ह्याच काळात लिहावयास घेतली आणि अपुरी सोडली. हेलमनने ती त्याच्या मृत्यूनंतर १९६६ साली 'द बिग नॉकओव्हर' ह्या संग्रहात प्रसिद्ध केली. अखेरची वर्षे न्यूयॉर्कजवळील कटोना येथे, मित्रांच्या जागेतील एका लहानशा घरात, वाचनात आणि एकान्तात गेली. १० जानेवारी १९६१ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने त्याला मृत्यू आला. दोन्ही महायुद्धांत सैनिक असल्याने आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्याला जागा मिळाली.

हॅमेटची वाङ्मयीन प्रतिष्ठा नंतर वाढतच गेली. रेमंड चँडलरने १९४४ सालीच त्याचे ऋण मान्य केले होते, आणि फ्रान्समध्ये आंद्रे जीदने 'रेड हार्वेस्ट'ची मुक्तकंठाने प्रशंसा केली होती. हॅमेटच्या मृत्यूच्याच वर्षी अकिरा कुरोसावाचा 'योजिम्बो' हा चित्रपट आला. दोन टोळ्यांना एकमेकींविरुद्ध झुंजविणाऱ्या त्यातील निनावी योद्ध्यात अनेकांना पर्सनव्हिलचा हेर दिसला. मात्र त्या योद्ध्याला कोणी मालक नाही, आणि काम संपल्यावर तो मोकळ्या मनाने निघून जातो. हॅमेटच्या हेराला तशी मोकळीक नाही. कचेरीत परतून त्याला साहेबाचे शब्द ऐकावे लागतात, आणि मागे खाणी पूर्वीच्याच मालकाच्या हाती पुन्हा सुरू झालेल्या असतात.